रेशनच्या थैलीत काय असावे: मराठवाड्यातील प्रश्नाची पार्श्वभूमी

सरकारी अन्नमदतीतून आरोग्यास अपायकारक वस्तू घेण्यास बंदी असावी का, हा वाद मुख्यतः अमेरिकेत वाढला. तेथे १९३९ मध्ये रोचेस्टर शहरात पहिली अन्नकुपने निघाली, तेव्हा केशरी कुपनांवर आवडीचे अन्न घेता येई आणि निळ्या कुपनांवर मात्र सरकारने शिल्लक ठरवलेला शेतमालच मिळे. १९६४ च्या कायद्यावेळी शीतपेये वगळण्याचा आग्रह धरला गेला, पण शेवटी दारू, तंबाखू आणि आयात केलेले खाद्यपदार्थ एवढेच वगळले गेले. गोड पेयांवर बंदी घालण्याची न्यूयॉर्क शहराची मागणी तेथील केंद्रीय कृषी खात्याने २०११ मध्ये फेटाळली आणि २०२५ मध्ये त्याच खात्याने नेब्रास्कापासून सुरुवात करून अनेक राज्यांना तशी मुभा दिली.

मराठवाड्यातील इतिहास याच्या उलट आहे. येथे गरिबाने काय निवडावे हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही, कारण निवड आधीच शासनाने केलेली असे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी (कोरडे, तयार खाणे) मिळाली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आली. त्या मिलोच्या भाकरीची आठवण जुनी माणसे आजही काढतात, आणि ती गोडीने काढत नाहीत. तरीही ती ज्वारीच होती, भाकरीच्या सवयीला धरून होती.

पुढे थैलीतले धान्यच बदलले. भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले आणि हमीभावाने सर्वाधिक खरेदी झाली ती गहू आणि तांदळाची. साहजिकच रेशन दुकानातही तेच पोचले. १९९७ पासून लक्ष्याधारित, म्हणजे गरिबांवर भर देणारी व्यवस्था आली, महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी शिधापत्रिका आली, २००० मध्ये सर्वांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय योजना सुरू झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ ३, गहू २ आणि भरडधान्य (ज्वारी, बाजरी यांसारखे) १ रुपया किलो असे दर होते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. भरडधान्य कायद्यात पहिल्यापासून आहे, पण ई-पॉस यंत्रावर अंगठा ठेवल्यावर थैलीत पडतो तो बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच.

याचा परिणाम शेतापर्यंत गेला. लातूर, धाराशिव, बीड, परभणी या पट्ट्यात रब्बीची ज्वारी म्हणजे माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा, दोन्ही. सोयाबीनने रान व्यापले, काढणी-मळणीला मजूर मिळेनात, आणि घरात रेशनचा गहू-तांदूळ आयता येऊ लागला. या तिन्ही गोष्टींनी मिळून भाकरी मागे पडली. ज्या धान्यात तंतू अधिक, तेच गरिबाच्या ताटातून कमी झाले आणि पॉलिश केलेला तांदूळ वाढला. खेदाची बाब ही की यात कुटुंबाचा दोष काही नव्हता. २०२२ च्या दिवाळीला राज्य शासनाने १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते. सणापुरता तो योग्यच होता, पण साखर आणि पामतेल स्वतः वाटणाऱ्या शासनाला लाभार्थ्याच्या खरेदीवर बोट ठेवण्याचा अधिकार कितपत उरतो, हे विचारलेच पाहिजे.

बंधनाचा प्रश्न आता मात्र येथेही खऱ्या अर्थाने आला आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागातील सर्व जिल्हे आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये थेट बँक खात्यात जमा करण्याचे ठरले, आणि पुढे ती रक्कम १७० झाली. हा पैसा तेलात जातो, औषधात जातो की बिस्किटांच्या पुड्यात, हे कोणी पाहत नाही, आणि माझ्या मते पाहूही नये. एवढ्या रकमेवर खरेदीची यादी लादली, तर दुकानदाराची मनमानी तेवढी वाढेल. त्यापेक्षा काम बाकी आहे ते खरेदी केंद्रांवर. ज्वारीचा बाजारभाव हमीभावापेक्षा चढा असला की शेतकरी केंद्राकडे फिरकत नाही, आणि केंद्रावर ज्वारी आली नाही तर कायद्यात नाव असूनही ती रेशनच्या दुकानात येत नाही.