क्लच प्लेट की प्रेशर प्लेट? रीमॅप केलेल्या गाडीच्या क्लचची ताकद कुठे वाढवावी

गॅरेजमध्ये ‘क्लच प्लेट गेली’ असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलणारे बेअरिंग) असा पूर्ण सेटच बदलला जातो. मूळ प्रतीचेच भाग पुन्हा बसवायचे असतील, तर या ढोबळ बोलण्याने काही बिघडत नाही. मात्र इंजिन रीमॅप करून, म्हणजे त्याच्या संगणकातील सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क (फिरवण्याची ताकद) वाढवला असेल आणि त्यासाठी अधिक ताकदीचा क्लच घ्यायचा असेल, तर ती ताकद प्लेटमध्ये वाढवली आहे की प्रेशर प्लेटमध्ये, हे विचारलेच पाहिजे. कारण दोन्ही मार्गांनी कागदावरची क्षमता वाढत असली, तरी रोज गाडी चालवताना पायाला, गिअरबॉक्सला आणि मागे बसलेल्या माणसाला येणारा अनुभव अगदी वेगळा असतो.

क्लच प्लेट ही दोन्ही बाजूंना लायनिंग, म्हणजे घासणारा थर, असलेली चकती. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, बोल्टने जोडलेली असते आणि तिच्यातील डायफ्रॅम स्प्रिंग त्या चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. थोडक्यात, एक घासते आणि दुसरी दाबते. क्लच न घसरता जास्तीत जास्त किती टॉर्क पुढे पोहोचवू शकतो, हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: लायनिंगचा घर्षणांक, दाबाचे बल, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, जी एका प्लेटच्या क्लचमध्ये दोन असते. उदाहरणादाखल लायनिंगचा बाहेरचा व्यास २२८ मिलिमीटर आणि आतला १५० मिलिमीटर धरला, तर सरासरी त्रिज्या सुमारे ९४.५ मिलिमीटर येते, घर्षणांक ०.३ आणि दाब ६,००० न्यूटन असेल, तर क्षमता सुमारे ३४० न्यूटन-मीटर होते.

या हिशेबात लायनिंगचे क्षेत्रफळ कुठेही नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पूर्ण गोल लायनिंगऐवजी चार किंवा सहा सुटे पॅड असलेली सिरॅमिक प्लेट हातात घेतली, की इतका कमी माल जास्त पकड कशी देईल, अशी शंका येते आणि ती रास्त आहे. उत्तर असे की पकड क्षेत्रफळामुळे नव्हे, तर पॅडच्या मिश्रणाच्या जास्त घर्षणांकामुळे वाढते. क्षेत्रफळाचा संबंध उष्णतेशी आणि झिजेशी आहे: तेवढीच उष्णता कमी जागेवर येते आणि तिथला पृष्ठभाग लवकर तापतो. धातूमिश्रित सिरॅमिक पॅड ती उष्णता सोसतात. नेहमीचे ऑर्गॅनिक (तंतू आणि रेझिनचे) लायनिंग मात्र फार तापले, तर त्याचा घर्षणांक घसरतो, पृष्ठभागावर काचेसारखी चकाकी येते आणि जळका वास सुटतो. म्हणूनच क्लचची क्षमता इंजिनच्या टॉर्कएवढीच ठेवून चालत नाही. थोडी जास्तीची राखावी लागते.

सिरॅमिक प्लेटची खरी किंमत पहिल्या गिअरमध्ये मोजावी लागते. ऑर्गॅनिक प्लेटच्या दोन लायनिंगमध्ये पन्हाळी आकाराच्या पातळ पोलादी पट्ट्या असतात. पाय सोडताना त्या हळूहळू दबतात आणि पकड क्रमाने वाढते. आपण ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतो, तो टप्पा लांब आणि हाताळण्याजोगा होण्यात या पट्ट्यांचा वाटा मोठा असतो. अनेक सिरॅमिक प्लेटमध्ये या पट्ट्या नसतात. त्यात घर्षणांकही जास्त, त्यामुळे हाफ क्लचचा टप्पा आखूड होतो. गाडी एकतर निघत नाही, नाहीतर हिसका देऊन निघते आणि हळू वेगात सगळी गाडी थरथरते. शर्यतीत क्लच प्रामुख्याने गाडी जागेवरून निघताना लागतो, तिथे हे चालून जाते; पण कात्रज चौकात संध्याकाळी अर्ध्या किलोमीटरला चाळीस वेळा क्लच सोडणाऱ्या, रविवारी खंबाटकी घाटात चढावर थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीत हा त्रास रोजचा होतो. शिवाय मधल्या हबमध्ये डॅम्पर स्प्रिंग (धक्के शोषणाऱ्या स्प्रिंग) नसलेली प्लेट घेतली, तर इंजिनचे धक्के आणि आवाज थेट गिअरबॉक्सपर्यंत जातात. रोजच्या गाडीत तशी प्लेट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग, म्हणजे जास्त दाबाची प्रेशर प्लेट, यात चकती तीच पूर्ण गोल ऑर्गॅनिक राहते आणि पकडीचा हळुवारपणा बऱ्याच अंशी टिकतो. त्याचा मोबदला डाव्या पायाला द्यावा लागतो. स्प्रिंग कडक झाली की पेडल जड होते आणि दाबताना लागणारे ते जादा बल रिलीज बेअरिंग, फोर्क, हायड्रॉलिक सिलिंडर किंवा केबल या सगळ्यांवर येते. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये हे विशेष जाणवते, कारण जुनी केबल ताणते आणि पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही; मग गिअर टाकताना कुरकुर ऐकू येते. पेडल दाबलेले असते तेवढा वेळ हा दाब इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही (शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवरही) येतो. तेव्हा सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी, मग जड प्रेशर प्लेटचा विचार करावा.

आता एक ठोस उदाहरण घेऊ. भारतात विकली गेलेली पोलो जीटी टीडीआय मूळ अवस्थेत २५० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. समजा सौम्य रीमॅपनंतर तो आकडा ३१० वर गेला. वरच्या उदाहरणातील क्लच मूळ टॉर्कसाठी ३६ टक्के जास्तीची क्षमता राखून होता. आता ती जेमतेम १० टक्के उरली. नवा असताना तो कदाचित धरेलही, पण गरम झाल्यावर किंवा लायनिंग झिजल्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या आसपास घसरू लागेल, कारण टर्बो डिझेलचा पूर्ण टॉर्क तिथेच येतो. इथे फक्त दाब ६,००० वरून ७,००० न्यूटन केला, तर क्षमता ३९७ न्यूटन-मीटर होते आणि २८ टक्के जास्तीची क्षमता परत मिळते. रोजच्या गाडीला एवढी पुरेशी आहे. दाब तोच ठेवून ०.४ घर्षणांकाची सिरॅमिक प्लेट बसवली, तर क्षमता ४५० च्या पुढे जाईल. ती जास्तीची ताकद वापरली जाणार नाही, पण क्लच अचानक धरल्यावर बसणारा धक्का मात्र गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्टला सोसावा लागेल. फोक्सवॅगन समूहाच्या गिअरबॉक्सच्या एमक्यू २००, एमक्यू २५०, एमक्यू ३५० या नावांतला आकडाच त्यांची ढोबळ टॉर्कमर्यादा सांगतो. क्लच घसरला तर काही हजारांचे लायनिंग जाते. दाते तुटले तर गिअरबॉक्स उघडावा लागतो.

विक्रेते ‘स्टेज १’, ‘स्टेज २’ असे आकडे सांगतात, त्यांवर मात्र विसंबू नये. हे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एकाच्या स्टेज २ मध्ये जड प्रेशर प्लेट आणि ऑर्गॅनिक चकती असते, तर दुसऱ्याच्या स्टेज २ मध्ये सिरॅमिक पॅड निघतात. त्याऐवजी दाब किती टक्के वाढवला आहे, लायनिंग कशाचे आहे, हबमध्ये स्प्रिंग आहेत का आणि क्षमता किती न्यूटन-मीटर आहे, हे चार प्रश्न विचारावेत. गाडीला ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचे, फ्लायव्हील असेल, तर धक्के शोषणाऱ्या स्प्रिंग चकतीऐवजी फ्लायव्हीलमध्ये असतात आणि त्यांनाही टॉर्कची मर्यादा असते. ते काढून साधे एकसंध फ्लायव्हील बसवायचे असेल, तर डॅम्पर स्प्रिंग असलेलीच चकती घ्यावी.

खरेदीआधी क्लच खरोखर कमी ताकदीमुळेच घसरतो आहे का, हेही पाहावे. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून लायनिंगवर तेल गळत असेल किंवा केबलला मोकळी हालचाल उरली नसेल, तर मूळचा चांगला क्लचही घसरतो आणि नवा, महागडा क्लचही तसाच घसरेल. नवा सेट बसवताना फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक चिरा दिसत असतील, तर एकसंध फ्लायव्हीलला लेथवर फेसिंग मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावे, अन्यथा ते बदलावे. त्यानंतरचे सुमारे ८०० किलोमीटर शहरातच, पूर्ण एक्सलरेटर न देता चालवावेत. एक्सप्रेसवेवरचे सलग किलोमीटर यात धरू नयेत, कारण नवे लायनिंग फ्लायव्हीलशी जुळून बसते ते क्लच वारंवार धरल्या-सोडल्याने, आणि एक्सप्रेसवेवर तो तासन्‌तास धरलेलाच असतो.