तीनचाकी मोटरसायकलवरील बैठक

तीनचाकी मोटरसायकल किंवा ट्राइक चालवताना शरीराची जी ढब राहते, तिला बैठक म्हणतात. हॅंडल, आसन आणि फूटरेस्ट कुठे आहेत यावर ती ठरते. खरेदीच्या वेळी चर्चा गादीच्या मऊपणाची होते. प्रत्यक्षात लांबच्या प्रवासात खांदे आणि कंबर किती दुखणार, हे गाडी वळणावर कलते की नाही यावर अधिक अवलंबून असते.

दुचाकी वळताना आत झुकते, त्यामुळे शरीरावरचा जोर सरळ आसनात उतरतो. न कलणाऱ्या ट्राइकवर मात्र चालक बाहेर फेकला जातो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेग ठेवला, तर ७० किलो वजनाच्या माणसाला सुमारे २४ किलोभाराचा आडवा रेटा बसतो. तो रेटा मांड्या आणि बाहेरच्या बाजूचा पाय यांनी पेलायचा असतो. नवशिके तो हॅंडल घट्ट धरून पेलतात आणि तासाभरात मनगटे धरतात. त्यात दुचाकीची सवय आडवी येते. वेगात डावीकडे वळताना दुचाकीचे डावे हॅंडल किंचित पुढे दाबावे लागते, ट्राइकवर उजवे.

पुढे दोन चाके असलेल्या गाड्यांत कॅनडातील बीआरपी कंपनीची कॅन-ॲम स्पायडर (२००७) सर्वांत परिचित. तिच्याच कुटुंबात बैठकीचे तीन प्रकार सापडतात. आरएसवर चालक थोडा पुढे झुकतो आणि पाय शरीराखाली राहतात. आरटीवर पाठ ताठ, समोर मोठी काच, मागच्या माणसाला टेकण. एफ३ क्रूझर धाटणीची: आसन खाली, पाय पुढे. फोटोत ही ढब रुबाबदार दिसते. पण पाय पुढे गेले की वजन माकडहाडावर येते आणि खड्डा दिसल्यावर आसनावरून किंचित उठण्याची सोय उरत नाही. एफ३चे फूटरेस्ट उंचीनुसार मागेपुढे बसवता येतात, त्याच कंपनीच्या नंतर आलेल्या रायकरवर तर हत्यारांशिवाय. स्पायडरचा ब्रेक फक्त उजव्या पायाने लागतो, म्हणून तो पाय हवा तिथे पसरून बसणे चालकाच्या हाती नसते.

मागे दोन चाके असलेली हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड (२००९) अर्ध्या टनाहून जड आहे. हॅंडल हलके फिरावे म्हणून तिच्या पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची रचना दुचाकीपेक्षा वेगळी ठेवली. थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही, त्यामुळे गुडघे थकलेले अनेक जुने दुचाकीस्वार इकडे वळतात. उलट, चालत्या ट्राइकवर जुन्या सवयीने पाय खाली सोडला, तर मागचे चाक त्यावरून जाऊ शकते. खड्डे चुकवणेही अवघड, कारण पुढचे चाक आणि मागची दोन मिळून रस्त्यावर तीन वाटा धरतात. मागची चाके एकाच आसावर असल्याने एक चाक खड्ड्यात गेले की सगळी गाडी बाजूला हेलकावते, आणि तो झोल उंचावर बसलेल्या सहप्रवाशाला जास्त जाणवतो.

कलणाऱ्या गटात पिआज्जो एमपी३ (२००६) आणि यामाहा निकेन (२०१८) येतात. दोन्हींची पुढची जोडचाके गाडीबरोबर झुकतात, त्यामुळे बैठक जवळपास दुचाकीचीच राहते: एमपी३वर स्कूटरसारखी ताठ, निकेनवर किंचित पुढे झुकलेली. एमपी३ थांबल्यावर कलण्याची यंत्रणा लॉक करता येते. निकेनला ती सोय नाही, पाय टेकावाच लागतो.

महाराष्ट्रात न कलणाऱ्या तीनचाकीचा रोजचा अनुभव म्हणजे हॅंडलची रिक्षा. शेअर रिक्षात चौथी सीट शेजारी घेतली की चालक अर्ध्या आसनावर तिरका बसून तोच आडवा रेटा कंबरेने झेलतो. अपंग व्यक्तींच्या स्कूटरला मागे बाजूची चाके जोडतात. तीही वळणावर कलत नाही, आणि पायात जोर नसलेल्या चालकाला आधार द्यायचा तर मऊ गादीपेक्षा पाठीची टेकण जास्त कामी येते.

पोलारिस स्लिंगशॉट या तीनचाकी गाडीत हा प्रश्नच मोडीत काढला आहे. शेजारीशेजारी दोन खोलगट सीट, पट्टे, हॅंडलऐवजी स्टीअरिंग. आडवा रेटा सीटच्या कडा पेलतात. अमेरिकेतील अनेक राज्ये तिची नोंद मोटरसायकल म्हणून न करता ऑटोसायकल या वेगळ्या वर्गात करतात.