बीओटी वेगळं आणि समावेशक आरक्षण वेगळं, पत्रा मात्र सेम

सांगलीत हरभट रोडला नाहीतर गणपती पेठेत कुठं बांधकामाचा निळा पत्रा लागला की कट्ट्यावर एकच डायलॉग, "घातली बघा अजून एक जागा बिल्डरच्या घशात." कधी ते खरं असेलही, पण कैकदा ती जागा महापालिकेची नसतेच ओ! खाली गाळे, वर फ्लॅट, पुढं पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ आणि एखादा मजला महापालिकेला, बाहेरून बीओटी आणि समावेशक आरक्षण दोन्ही सेम दिसतं म्हणून लोक सरसकट बीओटी म्हणतात.

बीओटी म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. जागा महापालिकेची, समजा जुनी मंडई किंवा बंद पडलेली शाळा. महासभेत ठराव, मग टेंडर, बिल्डर स्वतःच्या पैशानं बांधणार आणि ठरलेली वर्षं गाळ्यातनं वसूल करणार, मुदत संपली की सगळं परत. म्हणजे जागा विकलेली नसते, पण मुदत जर दोन पिढ्यांची असली तर विकल्यातच जमा की.

समावेशक आरक्षणात उलटं. जागा खाजगी मालकाची, पण डीपीत म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात तिच्यावर पार्किंग नाहीतर वाचनालयाचं आरक्षण पडलेलं. महापालिकेकडं भूसंपादनाला पैसा नाही, मालकाला बांधता येत नाही, मधे वर्षानुवर्षं नुसतं गाजरगवत. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966, कलम 127 : डीपी लागू होऊन 10 वर्षं झाली तरी जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेनं हालचाल केली नाही तर आरक्षण उठतं. जागा हातची जाण्यापेक्षा मग हा मधला रस्ता, मालकानं सुविधा बांधून फुकट ताब्यात द्यायची आणि उरलेल्यात स्वतःचं बांधायचं. कुठल्या आरक्षणाला किती द्यायचं ते 2020 च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहे. जागा त्याचीच, त्यामुळं टेंडर कुठंय म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, ओरडायचंच तर ताब्यावर ओरडा, कारण पार्किंगचा मजला कागदावर महापालिकेचा आणि आत बिल्डरची सिमेंटची पोती, हे मी स्वतः बघितलंय.

गाळा घेणाऱ्याला तर हा फरक खिशालाच लागतो. आमच्या मामांना एका ठिकाणी "स्वतःचा गाळा" म्हणून दाखवला, रेट मालकी हक्काचा. मी म्हटलं मामा, आधी सिटी सर्व्हे ऑफिसातनं प्रॉपर्टी कार्ड काढा, जागा कुणाच्या नावावर ते त्यात कळतं. काढलं तर धारक म्हणून महापालिकेचं नाव, म्हणजे मिळणार ते खरेदीखत नव्हे, भाडेपट्टा, आणि करारातली 11 वर्षं आधीच उडालेली. भाडेपट्ट्याची स्टॅम्प ड्युटीपण मुदतीवर असते, 10 ते 29 वर्षांना बाजारभावाच्या 50 टक्क्यांवर, 29 च्या वर गेलं की 90 टक्क्यांवर. मामांनी उरलेली वर्षं बोटावर मोजली आणि म्हणाले, "म्हणजे पोरगं धंद्यात सेट होईपर्यंत गाळा परत?" रेट पाडून मागितला, तर समोरच्यानं परत फोनच उचलला नाही.