पुसलेला फोन नंबर फाइलमध्ये सापडतो तेव्हा

गणपतीच्या वर्गणीची यादी यंदा साफ करायला घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची ही यादी एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसच्या एका फाइलमध्ये असते. बडोदं सोडून पुण्याला स्थायिक झालेले सभासद पुसले आणि फाइलचा आकार पाहिला, तर एक बाइटही कमी नाही! शेजारी बसलेले काका म्हणाले, "अरे, सेव्ह करायचं राहिलं असेल." पण यादीतून नावं तर गेली होती.

डेटाबेस म्हटलं की ओळीखाली ओळ असा तक्ता डोळ्यांपुढे येतो. डिस्कवर असतात ती सारख्या मापाची पानं. एसक्यूलाइटचं पान सहसा 4096 बाइटचं; दुसऱ्या डेटाबेसांपैकी पोस्टग्रेसचं 8 केबीचं, तर मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणाऱ्या इनोडीबी या भागाचं 16 केबीचं. एकच नोंद हवी असली तरी अख्खं पान वाचावं लागतं.

या पानाची आतली मांडणी मला फार सुंदर वाटते. ते दोन्ही टोकांकडून भरत येतं. वर 8 बाइटचा मथळा, त्याखाली कोणती नोंद पानात कुठे आहे ते सांगणारे 2-2 बाइटचे पत्ते. नोंदी मात्र तळापासून वर चढतात आणि मधे मोकळी जागा उरते. सभासद क्रमांक 41 आणि 43 आधीच आहेत, 42 मागाहून आला, तर त्याची नोंद जागा मिळेल तिथे बसते. क्रम लावायचा तो फक्त पत्त्यांचा. नोंद 150 बाइटची धरली तर पानात 26 मावतात, आणि नवी घुसवताना त्यांतली एकही हलवावी लागत नाही. पान भरलं की त्याची दोन होतात आणि कोणती नोंद कोणत्या पानात ते सांगणाऱ्या वरच्या पानात तशी नोंद पडते. पानांचं हे झाड म्हणजे बी-ट्री. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगमध्ये असताना 1970 च्या सुमारास ते मांडलं.

पुसताना काढला जातो तो पत्ता. ग्रंथालयाच्या खणातून कार्ड काढलं तरी पुस्तक मांडणीवरच राहतं, तसंच हे. नोंदीच्या पहिल्या 4 बाइटांवर 'पुढची मोकळी जागा कुठे आणि ही केवढी' एवढं लिहिलं जातं. नाव-पत्ता त्यापुढे असतो, त्याला धक्का लागत नाही. अख्खं पान रिकामं झालं तरी ते फाइल सोडत नाही, मोकळ्या पानांच्या यादीत जाऊन बसतं.

खात्री करायला फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. पुण्याला गेलेल्या एका मावशींचा फोन नंबर दहाच्या दहा आकड्यांनिशी समोर! 'एका टिचकीत सगळं साफ, वेग दुप्पट' म्हणणाऱ्या ॲपच्या जाहिरातींवर म्हणूनच विसंबू नये. यादीतून दिसेनासं झालं एवढ्यावरून मजकूर गेला असं ठरत नाही.

'व्हॅक्यूम' ही आज्ञा दिली की एसक्यूलाइट फक्त चालू नोंदी घेऊन फाइल नव्याने रचतं. त्यासाठी डिस्कवर मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत जागा मोकळी लागू शकते. आमची फाइल त्यानंतरच लहान झाली. मावशींचा नंबर पुन्हा शोधला, सापडला नाही. मग ती फाइल पेनड्राइव्हवर घालून नव्या कार्यवाहांकडे दिली.