तुमच्या बॅरलला कुठला लॉट मानवतो?
(पेलेट म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या आणि .२२ कार्ट्रिज म्हणजे .२२ रायफलची काडतुसं घेणाऱ्या नेमबाजांसाठी व पालकांसाठी)

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ब्राँझ जिंकलं आणि आमच्या दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न वाढला : "चॅम्पियन लोक वापरतात तोच डबा द्या." कोल्हापूरच्याच नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या वेळीही हेच व्हायचं. डबा आम्ही देतो, पण त्या नावाचा डबा तुमच्या रायफलमध्ये तसाच चालेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. हे पत्रक त्यासाठीच काढलंय.

कारण बॅरलमध्ये आहे. दोन रायफली एकाच मॉडेलच्या, एकाच कारखान्यातल्या असल्या तरी त्यांच्या नळीच्या आतल्या मापात बारीक फरक राहतो. पेलेटचंही तसंच. एअर रायफलचा पेलेट म्हणायला ४.५ मिमीचा, पण डब्यावर नीट पाहा : डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं वेगवेगळं छापलेलं असतं. कुठलं माप कुठल्या नळीत घट्ट, सरळ बसेल हे नुसतं पाहून आम्हालाही कळत नाही. मारूनच बघावं लागतं.

मापाइतकाच महत्त्वाचा बॅच नंबर, म्हणजे लॉट. फौंड्रीत काम केलेल्यांना हे सांगायला नको. हीट नंबर (एकावेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) बदलला की ओतीव माल पुन्हा तपासतात, तसंच इथं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, पण पुढच्या बॅचचा डबा म्हणजे टेस्टिंगच्या दृष्टीनं नवा माल. म्हणून चांगली बॅच सापडली की मोसमभराचा साठा एकदमच घ्या.

१० मीटरला किती फरक पडतो?

आता दशांशात गुण मोजतात. पेलेटचं केंद्र मध्यबिंदूपासून २.५ मिमीच्या आत पडलं तर १०.०, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला ०.१ वाढत १०.९ पर्यंत. म्हणजे क्लॅम्पमध्ये बांधलेल्या रायफलनं १० पेलेट मारून पडलेलं भोक बाहेरून बाहेर ५ ते ५.५ मिमी आलं तर उत्तम. ते ६.५ आलं तर पेलेटची ४.५ मिमी रुंदी वजा जाता २ मिमी उरतात, म्हणजे तुमचा नेम अगदी मधोमध असूनही पेलेट १ मिमी सरकू शकतो आणि १०.९ ऐवजी १०.६ मिळतात, म्हणजे ०.३ गुण गेले. ६० शॉटच्या मॅचमध्ये फायनलची जागा कधीकधी याहून कमी फरकानं हुकते.

पण हे कुणासाठी? ज्यांची मॅच ६५४ पैकी ६०० च्या खाली जाते त्यांनी टेस्टिंगवर पैसे घालू नयेत. स्पष्टच सांगतो, आमचा धंदा बुडाला तरी चालेल. तिथं गुण पोझिशनमध्ये आणि ट्रिगरवर जात असतात. दुधाळीच्या रेंजवर रोज ड्राय फायरिंग (रिकाम्या रायफलनं नेम धरून ट्रिगर ओढणं) करा. त्याला पेलेटही लागत नाही.

आणखी एक खूळ म्हणजे सोनाराच्या काट्यावर पेलेट वजन करून वेगळे काढणं. हिशेब करून पाहा. मॅचचा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. १० मीटर जाईपर्यंत तो १७ मिमीच्या जवळपास खाली येतो. वजन एक टक्का जास्त असलं तर आणखी ०.१७ मिमी. दशांशाची एक पायरीसुद्धा नाही. उलट काट्यावर टाकता-उचलताना मागची पातळ कड चेपली तर तो पेलेट कुठंही जाईल. डबा हातातून पडला असेल तर ते पेलेट सरावाला ठेवा.

५० मीटरचं गणित निराळं

.२२ ची गोळी ५० मीटरला पोचेपर्यंत १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. एका राउंडचा वेग दुसऱ्यापेक्षा सेकंदाला १० मीटरनं कमी असला तर ती आणखी ७ मिमी खाली पडते, आणि दहाचं वर्तुळ मुळात १०.४ मिमीचं. त्यामुळं इथं वेगाचा सारखेपणा विकत घ्यावा लागतो. महाग मॅच कार्ट्रिज स्वस्त हाय-स्पीडपेक्षा हळू का, असं बरेच जण विचारतात. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, ३३० मीटरच्या आतबाहेर ठेवलेली असते. आवाजाहून जोरात सुटलेली .२२ वाटेतच त्या वेगाच्या खाली येते आणि त्या बदलात हेलकावते.

परदेशात किलोमीटरभर किंवा त्याहून लांब मारणारे लोक स्वतः कार्ट्रिज भरतात. काडतुसातली बंदुकीची दारू काट्यावर तोलणं, गोळी किती आत बसवायची ते ठरवणं, प्रत्येक शॉटचा वेग यंत्रावर मोजणं, सगळं करतात. त्या अंतरावर सेकंदाला ६ मीटरच्या फरकानं गोळी वीतभर वर-खाली होते, म्हणून ती मेहनत. हे व्हिडिओ पाहून आमच्याकडे "भरून द्याल का" अशी विचारणा होते. नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, तो आमच्याकडे नाही. शिवाय .२२ मध्ये पेट घेणारा मसाला कडेच्या घडीत असतो आणि पिन बसली की ती कड कायमची चेपते. तिचं रिकामं केस पुन्हा भरण्याच्या कामाचंच नाही. लांब पल्ल्यावाले भरण्यातून जे साधतात ते .२२ वाल्यानं लॉट निवडण्यातून साधायचं.

टेस्ट कशी घेतो

एअर रायफल आमच्या इथंच, उद्यमनगरात बनवून घेतलेल्या जड क्लॅम्पमध्ये बांधतो. .२२ ची टेस्ट परवानाधारक रेंजवर, सकाळी वारा उठायच्या आत. लॉट बदलला की पहिले १०-१५ राउंड मोजत नाही, कारण आधीच्या गोळ्यांचं वंगण नळीत असतं.

मग प्रत्येक लॉटचे १० शॉटचे चार ग्रुप (ग्रुप म्हणजे एका कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका, त्याची रुंदी मोजतो). "पाचच मारा, पैसे वाचतील" असा आग्रह होतो, त्यात पैसे वाया जातात. पाच शॉटचा ग्रुप नशिबावर फार चालतो. एकाच डब्यातून एकदा ८ आणि लगेच १२ मिमी येणं अगदी नेहमीचं. ८ वाला कागद खिशात घालून खूश होऊ नका. शिवाय त्याच मालाचा १० शॉटचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरीनं पाव पट मोठाच येतो, म्हणून पाचाची दहाशी तुलना करू नये. चारही कागद एकमेकांवर ठेवून जो लॉट निवडला जाईल तो शेवटी तुम्ही खांद्यावरून मारून बघायचा. आणि घरी गेल्यावर स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू कमी-जास्त आवळू नका, नाहीतर टेस्टचा निकाल तुमच्या रायफलला लागू राहणार नाही.

साठवण

जुलै-ऑगस्टमधली आपली हवा शिशाला आणि बॅरलला दोन्हींना वाईट. डबे घट्ट बंद, सिलिका जेलसोबत, कपाटात. गाडीच्या डिकीत नको. पेलेटवर पांढरी भुकटी दिसली तर वापरू नका. रेंजवरून थेट मिसळीला निघालात तर आधी हात साबणानं धुवा, मुलांचे तर नक्कीच. शिसं पोटात जाता कामा नये.

येताना

रायफल, तिचा क्लिनिंग रॉड, सध्या वापरता ते पेलेट. .२२ साठी मूळ परवाना. झेरॉक्स चालणार नाही. अठराच्या आतल्या नेमबाजासोबत पालक हवेत. न फोडलेले डबे, बॅच नंबरचं लेबल शाबूत असेल तर, महिन्याच्या आत परत घेतो. फोडलेले घेत नाही, ओळखीच्यांचेसुद्धा.