सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड: ‘पाच लाख’ नेमके कोणाला, कागद कोणते, अर्ज कसा

वयाची ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत या मोफत उपचारांच्या योजनेत घेतले जाते. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंगही कोणी विचारत नाही. निर्णय चांगलाच आहे. पण जाहिरातीत ‘५ लाखांपर्यंत मोफत उपचार’ एवढेच ठळक छापले गेले. बाकीच्या अटी लोकांना कळतात त्या रुग्णालयाच्या काउंटरवर, आई स्ट्रेचरवर असताना. लोक चिडतात ते यामुळे, आणि त्यांचे चुकत नाही. म्हणून घरात सगळे धडधाकट आहेत तोवरच हे समजून घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ रकमेचा. हे ५ लाख माणशी नाहीत, कुटुंबाला आहेत, आणि दर वर्षी आहेत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांना मिळून ५ लाख. तुमचे कुटुंब २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणामुळे आधीपासूनच योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वेगळे ५ लाख मिळतात. त्या रकमेला मुला-नातवंडांच्या उपचारांमुळे कात्री लागत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न हमखास येतो. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू झाली आहे, मग हे दुसरे कार्ड कशाला? माझे मत, काढून ठेवावे. राज्याच्या योजनेत रेशनकार्ड पुढे करावे लागते. हे कार्ड मात्र फक्त आधारवर निघते आणि योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतल्या अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीत असलेल्या रुग्णालयांतही चालते. हैदराबादला किंवा बंगळूरला मुलाकडे राहणाऱ्या आईवडिलांना त्याचा खरा उपयोग.

खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) असेल तरी अर्ज करता येतो. मात्र मेडिक्लेम बंद करायची घाई करू नका, कारण अनेक मोठी खासगी रुग्णालये या योजनेत नाहीत. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांची आरोग्य योजना), माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान योजना असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. तशी निवड अर्जातच नोंदवायची असते. तिथे नुसती टिक करून पुढे जाऊ नका. बाहेरची तपासणी, रोजची औषधे यांसाठी जुनी योजना कामी येत असेल तर आधी घरात बसून हिशेब करा.

कागद एकच: आधार कार्ड. वयही त्यावरूनच धरतात, आणि अनेकांचे घोडे इथेच अडते. जुन्या माणसांची जन्मतारीख माहीत नसल्याने कित्येकांच्या आधारवर १ जानेवारी पडलेली असते आणि वर्षही अंदाजाने टाकलेले असते. प्रत्यक्षात ७३ वर्षांच्या आजी कागदावर ६८ च्या असतील तर अर्ज पुढे सरकत नाही. पुराव्यासह आधी आधार दुरुस्त करून घ्या. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा पक्का असू द्या.

अर्ज आयुष्मान अ‍ॅपवर किंवा ‘बेनिफिशरी डॉट एनएचए डॉट जीओव्ही डॉट इन’ या संकेतस्थळावर करता येतो. लाभार्थी म्हणून मोबाइल क्रमांकाने लॉगिन करा, ७० वर्षांवरील नोंदणीचा पर्याय निवडा, आधार क्रमांक टाका आणि ई-केवायसी करा, म्हणजे आधारवरून ओळख पटवा. मग फोटो, पत्ता, पिनकोड, घरातल्या माणसांची माहिती भरा. मंजुरी मिळाली की कार्ड डाउनलोड होते. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. अशा वेळी बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन किंवा चेहरा चालतो. शेतात, भांडी-धुण्यात आयुष्य गेलेल्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेतच नाही. त्यांच्यासाठी चेहऱ्याचा पर्याय वापरा. फोनवर ‘आधार फेस आरडी’ हे अ‍ॅप लागते. आजींना उजेडात, खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा आणि सांगितल्यावर पापण्या मिटून उघडायला सांगा. जमत नसेल तर जवळच्या अंगीकृत रुग्णालयात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जा.

कार्ड हातात आले म्हणजे कुठल्याही दवाखान्यात चालले, असे नाही. रुग्णालय योजनेत आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ‘या आजारासाठी आहे का’ हेही विचारा, कारण एखादे रुग्णालय डोळ्यांसाठी अंगीकृत असते पण हृदयासाठी नसते. तिथे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला गाठा. उपचाराची पूर्वमंजुरी रुग्णालयानेच मागवायची असते, नातेवाइकांनी खेटे घालायचे नसतात.

बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, बाह्यरुग्ण तपासणी यात बसत नाही. दाखल होऊन घेतलेले उपचार बसतात. त्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या व औषधेही त्यात धरलेली असतात. जुना आजार असला तरी थांबावे लागत नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते.

मंजूर उपचारासाठी कोणी वर पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १४५५५ वर फोन लावा. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आहे. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पुढे पाठपुरावा करताना तो लागतो.