घसरलेल्या गाडीचं क्रियापद

वाफेच्या इंजिनाची रेल्वे ब्रिटनमध्ये जन्मली, तरी गाडी रुळावरून घसरली हे एका शब्दात सांगणारं क्रियापद इंग्रजीत बरीच वर्षं नव्हतं. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग 1830 मध्ये सुरू झाला. 'डिरेल' हा शब्द डायोनिशियस लार्डनर यांनी सुचवला तो थेट 1850 मध्ये, 'रेल्वे इकॉनॉमी' या पुस्तकात. डब्लिनचे लार्डनर सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहीत आणि तेव्हा पॅरिसला राहत. हा प्रकार वारंवार सांगावा लागतो आणि आपल्याकडे त्याला शब्द नाही, म्हणून फ्रेंचांचा घेतो, असं त्यांनी सरळ नमूद केलं. विज्ञानलेखकाने भाषेला दिलेली ही देणगी मला फार मोलाची वाटते.

मूळ फ्रेंच क्रियापद 'देराये'. त्यातला 'रेल' मात्र फ्रेंचांनी रेल्वेसोबत इंग्रजीतूनच उचललेला. इंग्रजीत तो आला होता जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्याही मागे आहे लॅटिन 'रेगुला', म्हणजे सरळ पट्टी.

आता प्रत्यक्ष घसरणं. रेल्वेचं चाक सपाट नसतं. त्याचा रुळावर टेकणारा भाग बाहेरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. 20 मिलिमीटर रुंदीला साधारण 1 मिलिमीटर उतार. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते. मग बाहेरचं चाक जास्त व्यासावर फिरतं, आतलं कमी व्यासावर, आणि जोडी आपोआप वळते. चाकाच्या आतल्या कडेची उभी कड, म्हणजे फ्लँज, सौम्य वळणावर रुळाला घासतही नाही. तिची गरज पडते ती तीव्र वळणावर.

धोका तिथेच असतो. फ्लँज रुळाच्या कुशीला दाबली जाते आणि घर्षणाच्या आधाराने वर चढू पाहते; चाकावरचं वजन तिला खाली दाबून धरतं. बाजूचा रेटा वजनाच्या मानाने फार वाढला, की फ्लँज रुळाच्या माथ्यावर चढते आणि पलीकडे उतरते. ही मर्यादा किती, याचं सूत्र नादाल या फ्रेंच अभियंत्याने 1908 मध्ये मांडलं. फ्लँजचा कोन आणि घर्षण, एवढ्या दोनच गोष्टी त्यात येतात. रिकामी वाघीण (मालगाडीचा डबा) भरलेलीपेक्षा सहज का घसरू शकते, ते यातून कळतं: तिला दाबून धरणारं वजनच कमी. तीव्र वळणावर रुळाच्या आतल्या कुशीला ग्रीस लावतात तेही घर्षण घटवण्यासाठी.

कधी गाडी मुद्दाम घसरवावीही लागते. सायडिंगमधली, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या जादा रुळावर उभी असलेली, वाघीण आपोआप घरंगळून मुख्य मार्गावर जाऊ नये म्हणून तोंडाशी ट्रॅप पॉइंट बसवतात. तो तिला आधीच रुळावरून खाली उतरवतो. गिअरच्या सायकलचा 'डिरेलर'ही याच फ्रेंच क्रियापदातून आलेला. साखळी एका दातेरी चक्रावरून ढकलून शेजारच्यावर नेणं, एवढंच त्याचं काम.